वारस कोण ठरविणार?



बहुजन समाज पक्षाच्या भवितव्याची चिंता आज आपणांसही वाटते. १९८४ साली कांशीरामजींनी स्थापिलेल्या या पक्षाने २००७ मध्ये उत्तर प्रदेश विधानसभेच्या ४०३ पैकी २०६ जागा जिंकल्या आणि मायावती स्वबळावर मुख्यमंत्री झाल्या. २०२२ मध्ये उरली अवघी एक जागा. तरीही शेकडा सुमारे तेरा मते पक्षाला पडलीच. समाजाने पाठ फिरविली म्हणणारांनी हा आकडा पाहावा.

मग खोट कोठे? डिसेंबर २०२३ मध्ये भाचे आकाश आनंद वारस ठरले, मे २०२४ मध्ये दूर झाले, जूनमध्ये परतले. मार्च २०२५ मध्ये त्यांची हकालपट्टी झाली, एप्रिलमध्ये पुनःप्रवेश! गावोगावी निळा झेंडा वाहणाऱ्या कार्यकर्त्याला यांपैकी एकदा तरी कोणी विचारले काय? राजकारणातील भक्ती हुकूमशाहीकडे नेते, असे बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बजाविले होते. (आपण महाराष्ट्रीयांनी हसू नये. १९५७ साली स्थापन झालेल्या रिपब्लिकन पक्षाचे आपण किती गट केले!)

आपण हयात असेतो कोणी वारस नाही, असे मायावतींनी मार्च २०२५ मध्ये जाहीर केले. त्यानंतर कोण, हे ठरविण्याची रीत मात्र त्या तेरा टक्क्यांना कोणी सांगितलेली नाही.