गटाचा लॅपटॉप घेताना

सध्या गटांच्या बैठकीला गेलो की एक प्रश्न हमखास येतो, "ताई, आम्हालाही लॅपटॉप घ्यायचाय. कोणता घेऊ?" आज त्यावरच बोलू. पण आधी आमची फजिती ऐका.

आमच्या ग्रामसंघाकडे एक जुना कॉम्प्युटर होता. बचत, कर्जाचे हप्ते, व्याज, सगळा हिशेब त्यात. काम सोपं झालं म्हणून आम्ही वहीत लिहिणंच सोडून दिलं. आठ महिने बरे गेले. ऐन ऑडिटच्या तोंडावर कॉम्प्युटर सुरू होईना. तालुक्याला दुरुस्तीला नेला. दुकानदाराने विचारलं, "फॉरमॅट मारू का?" आम्ही म्हटलं, "काय ते मारा, पण चालू करून द्या." कॉम्प्युटर चालू झाला, पण आत काहीच नव्हतं. फॉरमॅट म्हणजे पाटी पुसणं, हे आम्हाला तेव्हा कळलं.

त्या बैठकीत एक मावशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे माझे सहा हप्ते गेले म्हणायचे का?" चोरी कुणी केली नव्हती, तरी आमची मान खाली गेली. मग प्रत्येकीचं पासबुक, बँकेचं स्टेटमेंट आणि इतिवृत्ताची वही घेऊन तीन आठवडे रात्री बसलो. हिशेब जुळला. ३४० रुपयांचा फरक राहिला, तो आम्ही तिघींनी पदरमोड करून भरला.

नवा लॅपटॉप घ्यायचं ठरलं, तेव्हा दुकानात जाण्याआधी आम्ही काम काय आहे ते कागदावर लिहिलं: हिशेब, मराठी अर्ज, ऑनलाइन फॉर्म, कधीतरी व्हिडिओवरची मीटिंग. दुकानात आधी पातळ, चकचकीत लॅपटॉप पुढे आला. आम्ही कागद पुढे केला. एवढ्या कामाला महागडा प्रोसेसर लागत नाही, आय-थ्री किंवा रायझन-थ्री पुरतो. रॅम मात्र ८ जीबी हवी. ४ जीबीवर दोन-तीन गोष्टी एकदम उघडल्या की लॅपटॉप रडतो. साठवणीसाठी एसएसडीच घ्या, जुन्या पद्धतीची हार्ड डिस्क नको. एसएसडीत फिरणारा भाग नसतो, त्यामुळे ती वेगाने उघडते आणि धक्केही जास्त सोसते. २५६ जीबीची आपल्याला भरपूर होते.

स्क्रीन आम्ही साडेपंधरा इंचाच्या आसपासची घेतली, कारण हिशेब तिघी मिळून बघतो आणि त्यात दोघींना चष्मा आहे. कीबोर्डच्या उजव्या बाजूला आकड्यांच्या वेगळ्या बटणांचा चौकोन असेल असाच बघा. रकमा भरताना हात भराभर चालतो.

आणखी एक विचारा, "यात विंडोज ओरिजिनल आहे का?" काही स्वस्त लॅपटॉप विंडोजशिवाय येतात आणि मग त्यात चोरीची कॉपी टाकून देतात. जुना लॅपटॉप घेत असाल तर त्यावर विंडोज ११ चालतं का ते बघा, कारण विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. हिशेबाला विकतचं ऑफिसच हवं असं नाही. लिब्रेऑफिस मोफत आहे आणि त्यात मराठीही लिहिता येतं. बिल गटाच्या नावाने घ्या, त्यावर लॅपटॉपचा सीरियल नंबर आहे ना, ते तिथेच उभं राहून बघा.

आता रोजच्या तक्रारी. "लॅपटॉप हळू झाला," म्हणून फोन येतो. आम्ही विचारतो, "बंद केव्हा केला होता?" उत्तर येतं, "झाकण रोज लावते की!" झाकण लावलं की लॅपटॉप बहुतेक वेळा फक्त झोपतो. आठवड्यातून एकदा तरी रीस्टार्ट करा. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. तापतो म्हणाल, तर तो गोधडीवर किंवा उशीवर ठेवू नका, खालच्या फटीतून त्याला हवा लागते.

"मराठी अर्ज पाठवला, तिकडे नुसती इंग्रजी गिचमिड दिसते," ही दुसरी तक्रार. अर्ज जुन्या फॉन्टमध्ये टाइप केला असेल आणि तो फॉन्ट समोरच्याकडे नसेल, तर असं होतं. युनिकोडमध्ये टाइप करायची सवय लावा. विंडोजमध्ये मराठी कीबोर्ड असतोच, तो सेटिंगमधून सुरू करायचा. घाई असेल तर अर्जाची पीडीएफ करून पाठवा.

तिसरी गोष्ट भीतीची. अचानक स्क्रीनभर लाल पाटी येते, भोंगा वाजतो, "व्हायरस आला आहे, या नंबरवर फोन करा." फोन करू नका. पाटी जात नसेल तर बटण दाबून धरून लॅपटॉप बंद करा. अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून कसलंही ॲप टाकू नका, ओटीपी सांगू नका. पैसे गेलेच तर लाजत बसू नका, लगेच १९३० ला फोन करा. जितका लवकर फोन, तितकी पैसे अडवण्याची शक्यता जास्त.

आमच्याकडे आता हिशेब तीन ठिकाणी असतो. एक लॅपटॉपमध्ये. दुसरा पेन ड्राइव्हवर, तो कोषाध्यक्षांच्या घरी, लॅपटॉपच्या पिशवीत नाही. तिसरा कागदावर: दर महिन्याला प्रिंट काढतो, बैठकीत वाचतो, सह्या घेतो आणि फाइलला लावतो. पासवर्ड दोघींना माहीत आहे. दुरुस्तीला द्यायची वेळ आली तर पहिलं वाक्य ठरलेलं आहे, "आधी आतला डेटा काढून द्या, मग बाकीचं."

त्या मावशी आता दर महिन्याला प्रिंटवर बोट ठेवून आपलं नाव शोधतात आणि मगच सही करतात. तसं बोट प्रत्येकीने ठेवावं, एवढंच आमचं सांगणं.