लकवा आला तर आधी घड्याळ बघा
(प्रभागसंघाच्या मासिक बैठकीत एका गटाच्या सचिवताईंनी मांडलेले विचार)



आज हप्त्यावर नाही, लकव्यावर बोलते.

माझ्या सासूबाई सकाळी चुलीपुढं बसल्या होत्या. हातातली भाकरी गळाली, तोंड वाकडं झालं, बोबडं बोलायला लागल्या. आम्ही म्हणलं, अंगावरनं वारं गेलं. तेल लावून चोळलं. मालक बाजाराला गेलेले, त्यांची वाट बघितली. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पहिलं विचारलं, "कधी झालं?" आज त्यांचा उजवा हात चालत नाही. घास भरवताना तो प्रश्न मला रोज आठवतो.

लकवा म्हणजे वारं नव्हे. मेंदूची रक्तवाहिनी गुठळीनं बंद होते, नाहीतर फुटते. कोणतं झालं ते सीटी स्कॅनवर कळतं. गुठळी असेल तर ती विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. तेल, झाडपाला, कबुतराचं रक्त यातच ते तास जातात.

हा शहरातलाच आजार नाही. गडचिरोलीत 'सर्च' संस्थेनं २०११ ते २०१३ मध्ये ८६ गावांतले मृत्यू तपासले. सातातला एक लकव्यानं झालेला, आणि त्यातले बहुतेक घरीच.

तोंड वाकडं, एक हात लुळा, बोलणं अडखळतं. यातलं एक जरी दिसलं तरी वेळ लक्षात ठेवा आणि १०८ ला फोन करा. तोंडात पाणी, चहा, गोळी घालू नका. आपोआप बरं वाटलं तरी दवाखान्यात जा.

बीपी वाढलेलं अंगाला कळत नाही. तिशीनंतर उपकेंद्रात तपासा. चालू गोळी मनानं बंद करू नका. दिवसाला माणशी एक लहान चमचाच मीठ, त्यातच लोणचं-पापड आले. आणि मिशरी सोडा.

माझी मागणी एवढीच. इंजेक्शन आणि सीटी स्कॅन जवळ कुठं मिळतं, ते आशाताईंना आजच विचारा. परंड्याला बार्शी जवळ, उमरग्याची वाट लातूरकडं. प्रत्येक गावाचं उत्तर वेगळं. ते भिंतीवर लिहा. आणि ठराव करा: अशा वेळी गटाचं कर्ज बैठकीची वाट न बघता मिळेल. घरात गडीमाणूस नसला तरी बाईनं निघायचं. सोबत गट जाईल.