टर्बो केवढा हवा?



मध्यंतरी एक तरुण माझ्याकडे आला. पाठीवर पोतं. पोत्यातून निघाला ट्रकचा टर्बोचार्जर, चांगला कलिंगडाएवढा. भंगार बाजारात स्वस्तात मिळालेला. याच्याकडे जुनी मारुती एस्टीम, तेराशे सीसीची, ८५ अश्वशक्तीची. ती ट्रॅकवर पळवायची होती. ट्रॅकवरच, कारण मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमामुळे रस्त्यावरच्या गाडीत असले उद्योग करता येत नाहीत. "सर, मोठा टर्बो म्हणजे जास्त ताकद ना?" मी म्हटलं, "आधी चहा घे. मग कागद-पेन्सिल घे."

टर्बो करतो काय? इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूच्या झोतावर एक चाक फिरतं. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरं चाक असतं, ते बाहेरची हवा इंजिनात कोंबतं. हवा जास्त, म्हणून पेट्रोलही जास्त जाळता येतं. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्यानं १९०५ साली याचं पेटंट घेतलं. पण चाक मोठं असेल तर झोतही दांडगा लागतो. तेराशे सीसीच्या इंजिनावर ट्रकचा टर्बो म्हणजे ओढ्याच्या पाण्यावर कोयनेचं जनित्र फिरवायला निघण्यासारखं.

मग आम्ही हिशेब मांडला. इंजिन दोन फेऱ्यांत एकदा पोटभर हवा घेतं. मिनिटाला ६००० फेरे धरले तर ३००० वेळा १.३ लिटर, म्हणजे ३९०० लिटर. प्रत्यक्षात भरते साधारण ८५ टक्के, म्हणून ३३०० लिटर. वजनात पावणेचार किलोच्या आसपास. मिनिटाला साडेचारशे ग्रॅम हवेमागे दहा अश्वशक्ती, असा ढोबळ आडाखा आहे. लावून बघा, ८५च्या जवळपास उत्तर येतं!

आता अर्धा बार जादा दाब दिला. दाबल्यावर हवा तापते, विरळ होते. इंटरकूलर लावला तरी दीडपट नाही, १.४ पटच धरायची. म्हणजे सव्वापाच-साडेपाच किलो हवा, ११५ ते १२० अश्वशक्ती. जुन्या पिस्टनवर यापुढे हाव धरू नये, असं माझं मत. ठोका सुरू झाला की पिस्टन फुटायला फार वेळ लागत नाही.

टर्बो निवडायचा तो या साडेपाच किलोंसाठी. प्रत्येक कॉम्प्रेसरचा एक नकाशा असतो. त्यावर दोन खुणा करायच्या: ३००० फेऱ्यांना लागणारी हवा आणि ६००० फेऱ्यांना लागणारी. पहिली खूण डाव्या रेषेबाहेर गेली तर हवा उलटी उसळते, टर्बो आचके देतो. दुसरी उजवीकडे बाहेर गेली तर टर्बो नुसता हवा तापवत बसतो. दोन्ही आत हव्यात. ट्रकच्या टर्बोच्या नकाशावर आमची पहिली खूण कुठल्या कुठे बाहेर पडली.

पोरगा हिरमुसला. म्हणाला, "मग छोट्या डिझेल गाडीचा घेऊ? सीसी तर जवळपास तेवढेच." इथे पुष्कळ जण फसतात. डिझेल इंजिन ४०००-४५०० फेऱ्यांपर्यंतच पळतं, आणि त्याचा धूरही पेट्रोलपेक्षा बराच थंड. पेट्रोलचा वायू ९०० अंशांच्या वर जातो. डिझेलसाठी केलेलं टर्बाइन तो किती दिवस सोसणार? सीसी जुळवू नका, अश्वशक्ती जुळवा, तीही पेट्रोलचीच. टाटा नेक्सॉनचं १.२ लिटर टर्बो पेट्रोल इंजिन बघा, ११०-१२०च्या घरातलं. कारखान्यानं आपलाच हिशेब आधी करून ठेवला आहे. त्या मापाचा टर्बो शोधायचा. फ्लँज आणि पाइप आपल्याला जमवून घ्यावे लागतात, ते वेल्डरचं काम.

आणि सगळे पैसे टर्बोतच घालू नयेत. मोठे इंजेक्टर, इसीयूचं ट्यूनिंग, इंटरकूलर आणि ऑइलची स्वच्छ लाइन यांना आधी बाजूला काढावेत. हवा वाढली आणि पेट्रोल वाढलं नाही, तर इंजिन एका दुपारीत जातं.

जुना टर्बो घेताना दांडा बोटांनी हलवून बघा. आडवा किंचित हलला तर चालतं, तो ऑइलवरच तरंगतो. पण पाती घराला घासत असतील किंवा दांडा पुढे-मागे जाणवण्याइतका सरकत असेल, तर नमस्कार करून पुढच्या दुकानात जा. आमच्या पठ्ठ्यानं तीन दुकानं पालथी घातली, चौथ्यात मनासारखा मिळाला, मुठीत मावेल एवढ्या चाकाचा. ट्रकचा टर्बो अजून माझ्या टेबलाखाली पडून आहे.