कारणे द्या

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



या स्टेजवर मी याआधी एकदाच उभी राहिले आहे. सातवीत. वक्तृत्व स्पर्धेत टिळकांच्या शेंगांपाशीच अडकले आणि खाली उतरले. त्यामुळे आज संयोजकांनी बोलायला सांगितलं तेव्हा पोटात गोळा आला. विषय दिला आहे ‘साहसी मोटरसायकल भ्रमंतीचं वाढतं आकर्षण’. आपल्या व्हॉट्सॅप ग्रुपवर माझे फोटो तुम्ही बघता, म्हणून मी.

या वर्षात आपल्या तुकडीतल्या तिघांनी अशा मोटरसायकली घेतल्या. तिघांनीही मला फोन करून सांगितलं, ‘तुझे फोटो बघून घेतली.’ दोघांच्या बायकांचेही फोन आले, पण त्यांचा सूर वेगळा होता! तर आज मी मुख्यतः त्या तिघांसाठी बोलणार आहे. त्या फोटोंमध्ये जे दिसत नाही ते सांगणार आहे.

आधी थोडी माहिती. आपल्या लहानपणी वाईत मोटरसायकल म्हणजे राजदूत, नाहीतर बुलेट. सरांची एम-एटी पसरणीच्या घाटात धापा टाकायची, तिला आपण सायकलवरून चिडवायचो. आता ज्यांना ‘अ‍ॅडव्हेंचर बाइक’ म्हणतात त्या दिसायला उंटासारख्या. उंच, लांब पायांच्या. पुढचं चाक मोठं, बऱ्याचदा २१ इंची, म्हणजे दगडावरून सहज चढावं. पोट जमिनीपासून २२० मिलिमीटरच्या आसपास वर, म्हणजे खाली घासू नये. हँडल असं की रस्ता खराब झाला की फूटरेस्टवर उभं राहून चालवता यावं.

या जातीची सुरुवात बहुतेक लोक १९८० साली आलेल्या बीएमडब्ल्यूच्या आर ८० जीएसपासून मानतात. २००४ मध्ये युअन मॅकग्रेगर हा नट आणि त्याचा मित्र चार्ली बूरमन लंडनहून पूर्वेकडे निघून न्यूयॉर्कला पोचले. त्या प्रवासाची मालिका आली आणि जगभरातल्या मध्यमवयीन माणसांच्या डोक्यात किडा शिरला. आपल्याकडे लोक बुलेटवरून लडाखला जातच होते, पण या कामासाठी बनवलेली, परवडणारी गाडी नव्हती. हीरोची इम्पल्स २०११ मध्ये आली, पण टिकली नाही. २०१६ मध्ये रॉयल एनफिल्डची हिमालयन आली, २०१९ मध्ये हीरोची एक्सपल्स. त्याच सुमारास आपल्या पिढीची मुलं मोठी झाली, हप्ते फिटत आले, मोबाइलमध्ये नकाशे आले. २०२० मध्ये रोहतांगखालून नऊ किलोमीटरचा अटल बोगदा सुरू झाला. बायकांच्या बाबतीत सांगायचं तर ‘बाइकर्नी’ हा महिला मोटरसायकलस्वारांचा गट २०११ मध्ये पुण्यातच सुरू झाला. म्हणजे मी काही फार मोठा पराक्रम केलेला नाही. वाट आधीच मळलेली होती.

ही झाली गाड्यांची आणि रस्त्यांची कारणं. माझं कारण वेगळं होतं. चाळिशीला मी माझ्या कामात चांगली झाले होते. वीस वर्षं तेच काम केल्यावर माणूस चांगला होतोच. ऑफिसात मला कोणी चूक दाखवत नव्हतं. घरीही सगळं सुरळीत. आणि मला कंटाळा आला होता. मग पुण्याजवळच्या एका माळावर शिकायला गेले. माझी उंची पाच फूट दोन इंच, गाडीचं वजन दोनशे किलोच्या आसपास. पहिल्या दिवशी अकरा वेळा पडले. पडलेली गाडी उचलायची कशी, हेच आधी शिकवतात. गाडीकडे पाठ करायची, खाली बसायचं, हँडल आणि मागची पट्टी धरायची आणि पायांच्या जोरावर मागे मागे सरकत उठायचं. माझ्या निम्म्या वयाचा मुलगा शिकवत होता, ‘मॅडम, दगडाकडे बघू नका. जिथे नजर तिथे गाडी.’ संध्याकाळी अंग ठणकत होतं, आणि मी कित्येक वर्षांनी इतकी खूश होते. का, ते तेव्हा कळलं नाही. आता वाटतं, कित्येक वर्षांनी मी पुन्हा वर्गात बसले होते.

आता मुख्य गोष्ट. आई, तू तिसऱ्या रांगेत बसली आहेस ते मला दिसतंय. हे तूही पहिल्यांदाच ऐकणार आहेस. मध्ये उठू नकोस, घरी बोलू.

जुलै २०२२. आम्ही सहा जण स्पितीला गेलो होतो. गाड्या पुण्याहून रेल्वेने चंदीगडला पाठवल्या होत्या. पार्सलला देताना टाकी रिकामी करावी लागते, त्यामुळे चंदीगडला उतरल्यावर पहिलं काम पेट्रोल शोधणं. तिथून सिमला, किन्नौर, नाको, ताबो, काझा. हा मार्ग हळूहळू चढतो, शरीराला विरळ हवेची सवय होते, म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्याला तो बरा. ताबोचा मठ इ. स. ९९६ मधला. त्या मातीच्या भिंतींच्या आत बसून मी जवळजवळ तासभर काही बोलले नाही. ज्यांनी मला शाळेत पाहिलंय त्यांना याचं महत्त्व कळेल.

परतीला काझ्याहून मनालीकडे निघालो. सोमवारी माझ्या कामाचं एक मोठं रिलीज होतं, म्हणजे नवीन आवृत्ती सुरू व्हायची होती. शनिवारी रात्री मनालीत पोचायचंच, हे मी ठरवलं होतं. पण सकाळी फोटो काढण्यात वेळ गेला. निघायला दहा वाजले. साडेचार हजार मीटरवरची कुंझुम खिंड ओलांडून बातलला आलो तेव्हा दोन वाजून गेले होते. ढाबेवाल्याने सांगितलं, ‘पुढच्या नाल्याला पाणी वाढलंय. आज इथेच राहा, सकाळी जा.’ आम्ही चहा प्यायलो आणि निघालो.

हे नाले म्हणजे पूल नसलेले ओढे. वरच्या बर्फातून येतात आणि रस्त्यावरूनच वाहतात. आम्ही पोचलो तेव्हा पाणी गुडघ्याच्या वर होतं, गढूळ, तळ दिसत नव्हता. नियम असा की आधी चालत जाऊन खोली बघायची. मी बघितली नाही. पुढचे दोघे पार झाले होते, पलीकडून हात करत होते. मला वाटलं, आता थांबले तर सगळ्यांना वाटेल बाई घाबरली.

मधोमध गेल्यावर माझी नजर पलीकडच्या काठावरून पाण्यावर गेली. वाहत्या पाण्याकडे बघितलं की आपणच वाहतोय असं वाटतं. पुढचं चाक दोन दगडांत अडकलं आणि गाडी डावीकडे पडली. माझा पाय तिच्याखाली. पाणी छातीपर्यंत, हेल्मेटमध्ये पाणी. गाडीला बाहेरून लोखंडी गार्ड होता, म्हणून पाय चिरडला नाही, फक्त अडकला. पण मला तो काढता येत नव्हता. थंडी इतकी की ओरडायला आवाज फुटेना. मुलीचा चेहरा वगैरे डोळ्यांसमोर आला, असं लोक सांगतात. माझ्या डोक्यात एवढंच होतं की हेल्मेटचा पट्टा सापडत नाही.

त्या रस्त्यावर सीमा सडक संघटनेचं काम चालू होतं. दोन कामगार दोर घेऊन पाण्यात उतरले. एकाच्या पायात नुसत्या प्लास्टिकच्या चपला. त्यांनी गाडी उचलून धरली, मला ओढून बाहेर काढलं, मग आमच्यातल्या चौघांसह गाडीही काढली. बोलण्यावरून झारखंडचे असावेत. एकाने मला स्वतःची घोंगडी दिली. मी थरथरत होते, आणि तरीही सारखं घड्याळ बघत होते. तासाभराने गाडी सुरू झाल्यावर मी त्यांना पैसे देऊ केले. त्यांनी घेतले नाहीत. मी ‘थँक यू भैया’ म्हणून निघाले. त्यांची नावं विचारली नाहीत. या सगळ्या गोष्टीत मला सर्वांत जास्त लाज याची वाटते.

अटल बोगद्यासमोरचा माझा फोटो तुम्ही पाहिला आहे. अंगठा वर करून हसते आहे तो. आपल्या ग्रुपवर ‘वाघीण’, ‘जिंकलंस’ असे कितीतरी मेसेज आले होते. तो फोटो त्याच संध्याकाळचा. पुण्यात एक्स-रे काढला तर घोट्याच्या हाडाला बारीक तडा होता. घरी सांगितलं, मुरगळला. सोमवारचं रिलीज, ऐका, बुधवारवर ढकललं गेलं. त्याची कोणाला आठवणही नाही.

आमच्या धंद्यात एक चांगली पद्धत आहे. सिस्टिम बंद पडली की दुसऱ्या दिवशी सगळे बसतात आणि काय घडलं ते क्रमाने लिहून काढतात. दोष कोणाला द्यायचा नाही, पण लपवायचंही काही नाही. मी अशी शेकडो टिपणं लिहिली आहेत. हे एक लिहिलं नव्हतं. ते लिहायला बसले तेव्हा मला आपले भूगोलाचे सर आठवले.

सर, आज तुम्ही आलात याचा मला फार आनंद आहे. तुम्हाला आठवत असेल, ‘कारणे द्या : हिमालयातील नद्या बारमाही असतात.’ दोन गुण. उत्तर आम्हा सगळ्यांना पाठ होतं. हिमालयातील नद्यांना पावसाळ्यात पावसाचे व उन्हाळ्यात वितळणाऱ्या बर्फाचे पाणी मिळते. आपली कृष्णा पावसावर जगते, त्यांची नदी बर्फावरही. मला दोनपैकी दोन मिळाले होते. पण ज्या पाण्यात मी पडले ते तेच पाणी होतं. दिवसभर ऊन तापतं, वर बर्फ वितळतं, ते पाणी दुपारनंतर नाल्यात पोचतं. रात्री वर पुन्हा गोठतं, आणि पहाटे नाला उतरतो. ढाबेवाला मला दोन गुणांचं उत्तरच सांगत होता. मला ते पाठ होतं, कळलेलं नव्हतं.

२०२४ मध्ये मी पुन्हा गेले. याच रस्त्याने, बातललाच दुपारी पोचले. या वेळी रिलीज नव्हतं, कारण मी त्या आठवड्यात ते ठेवूच दिलं नव्हतं. ढाब्यात मुक्काम केला. काही तरुण मुलं पुढे निघाली. ‘आंटी, चलो ना, कुछ नहीं होता’ म्हणाली. मी नाही गेले. रात्रभर मात्र झोप लागली नाही. ती मुलं सुखरूप गेली असतील, आणि आपण उगीच घाबरलो, असं वाटत राहिलं. ती सुखरूप गेलीही, मनालीत भेटली. म्हणजे थांबल्याबद्दल कोणी शाबासकी देत नाही. थांबणं बरोबर होतं की नाही, याचा पुरावाही मिळत नाही. सकाळी सहाला मी नाल्यात चालत गेले. पाणी घोट्याच्या थोडं वर होतं, तळाचा दगड न् दगड दिसत होता. दोन मिनिटांत पार झाले. त्याचा फोटो नाही, कारण काढायला कोणी नव्हतं. त्या दोन कामगारांची चौकशी केली. ती माणसं केव्हाच दुसरीकडे गेली होती.

तेव्हा माझ्या तीन मित्रांनो, गाड्या घेतल्यात, फार छान केलंत. विकू नका. पण पहिले सहा महिने माळावर पडा. पाण्यात गाडी घालण्याआधी स्वतःचे पाय घाला. पाणी गुडघ्याला लागलं तर परत फिरा. परतीच्या तारखेच्या पुढे दोन दिवस मोकळे ठेवा, कारण त्या नाल्यात मला पाण्याने जितकं पाडलं, तितकंच घाईने पाडलं. जो स्थानिक माणूस ‘थांबा’ म्हणतो त्याचं ऐका. जो पाण्यातून ओढून काढतो त्याचं नाव विचारा. आणि ग्रुपवर फोटो टाकाल तेव्हा पडल्याचाही टाका. मी टाकला असता तर तुमच्यापैकी कोणी गाडी घ्यायचं थांबला नसता, पण थोडा सावकाश निघाला असता.

उद्या रविवार आहे. सकाळी साडेसहाला मी पसरणीच्या घाटातून पाचगणीला चहा प्यायला जाणार आहे. तिघांनी गाड्या घेऊन यावं. आणखी कोणाला मागे बसायचं असेल तर हेल्मेट स्वतःचं आणा. सर, तुमच्यासाठी मी एक जास्तीचं आणलं आहे.

आई, तुझ्यासाठी नाही आणलं. तू आधी घरी काय बोलायचंय ते बोल.