गेटवेवर गेलेली पावाची पाटी



आकाशवाणीच्या माइकसमोर बसलो की मला रेडिओवरचंच एक जुनं भाषण आठवतं. मी ते ऐकलेलं नाही, तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. २१ फेब्रुवारी १९४६ रोजी ब्रिटिश अमलाखालच्या हिंदी नौदलाचे प्रमुख ॲडमिरल गॉडफ्रे रेडिओवरून आपल्याच खलाशांशी बोलले. सरकारजवळ अफाट बळ आहे, ते पुरेपूर वापरलं जाईल, मग त्यात हे नौदल नष्ट झालं तरी चालेल, असा त्या भाषणाचा मथितार्थ होता. आपल्याच नौदलाला बुडवण्याची धमकी सेनापतीला का द्यावी लागली?

सुरुवात जेवणावरून झाली. मुंबईत कुलाब्याला ‘तलवार’ नावाचं नौदलाचं ठाणं होतं. जहाज नव्हे, जमिनीवरचं संदेशवहनाचं शिक्षण केंद्र. निकृष्ट अन्न, गोऱ्या आणि हिंदी खलाशांच्या पगारातला फरक, आणि अधिकाऱ्यांच्या तोंडची आईबहिणीवरची शिवीगाळ. १८ फेब्रुवारीला तिथल्या पोरांनी ताटं नाकारली. ही पोरं बिनतारी यंत्रं चालवणारी होती, त्यामुळे बातमी वाऱ्यासारखी पसरली. बघता बघता सुमारे ७८ जहाजं आणि २० ठाण्यांवरचे वीस हजार खलाशी संपात आले. त्यांनी समिती नेमली. अध्यक्ष एम. एस. खान, उपाध्यक्ष मदन सिंग. मागण्यांत चांगल्या जेवणाबरोबरच आझाद हिंद सेनेच्या कैद्यांची सुटका होती आणि इंडोनेशियातून हिंदी फौजा परत बोलावण्याचं कलमही होतं. जहाजांवर काँग्रेसचा तिरंगा, मुस्लिम लीगचा हिरवा आणि कम्युनिस्टांचा लाल असे तीन झेंडे एकत्र चढले.

आमच्या इंदापूरच्या घरात ही हकीकत पुस्तकातून आली नाही. ती आमच्या बडे अब्बांच्या तोंडून आली. बडे अब्बा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. आमचा तालुका तेव्हा कोरडवाहू. उजनीचं धरण व्हायला अजून बराच अवकाश होता. पाऊस हुकला की तरणी पोरं भिगवण स्टेशनवर गाडी धरून मुंबई गाठत. बडे अब्बा असेच विशीत मुंबईला गेले आणि एका बेकरीत कामाला लागले. पहाटे डोक्यावर पावाची पाटी घेऊन गल्ल्या फिरायच्या. त्याच बेकरीत बारामतीकडचा, त्यांच्याच वयाचा एक मराठा पोरगा होता. दोघं एकाच खोलीत, एकाच वळकटीवर आळीपाळीनं झोपायचे.

२१ तारखेला किल्ल्यातल्या बराकींवर गोळीबार झाला आणि खलाशांचं जेवण तोडल्याची बातमी शहरात फुटली. त्या दिवशी माणसं जे हाताला लागेल ते घेऊन गेटवेकडे निघाली. कुणी फळं, कुणी दुधाच्या चरव्या, कुणी चपात्या. दुकानदार आणि हॉटेलवाले म्हणाले, काय हवं ते न्या. बेकरीच्या मालकानं दुपारचा सगळा माल या दोघांच्या हवाली केला. बडे अब्बा सांगायचे, “जहाजावरून छोट्या होड्या येत होत्या. वर बंदूकवाले आपलेच शिपाई उभे. त्यातलाच एक खाली वाकला, माझी पाटी धरली आणि होडीत ठेवली. पाव कुणाच्या हातचा, कुणी विचारलं नाही.”

दुसऱ्या दिवशी, २२ तारखेला, कम्युनिस्ट पक्षाच्या हाकेवर मुंबई बंद झाली. गिरण्यांचे भोंगे वाजले, पण कामगार आत गेले नाहीत. लष्करानं रस्त्यांवर गोळ्या चालवल्या. परळला कमल दोंदे या कार्यकर्तीचा जीव गेला. सरकारी आकड्यांनुसार त्या दिवसांत २२८ माणसं मेली आणि हजारावर जखमी झाली. यातले बहुतेक सगळे रस्त्यावरचे साधे लोक होते.

त्या रात्री खलाशांचे प्रतिनिधी सरदार पटेलांना भेटले. पटेलांनी शस्त्रं खाली ठेवायला सांगितलं आणि कुणावर सूड उगवला जाऊ नये यासाठी काँग्रेस प्रयत्न करेल, असा दिलासा दिला. जीनांनीही, विशेषतः मुसलमान खलाशांना, कामावर परतण्याचा सल्ला दिला. २३ च्या पहाटे खलाशी शरण आले. जाताना त्यांनी सांगून ठेवलं की, आम्ही ब्रिटनला नव्हे, हिंदुस्थानला शरण जातो आहोत.

इथवरची गोष्ट आपण थोडीफार ऐकलेली असते. मला बोलायचं आहे ते यापुढच्या दिवसांबद्दल.

खलाशांना मुलुंडच्या छावणीत आणि तुरुंगात डांबलं गेलं. ४७६ जणांना नौदलातून काढून टाकलं. न्यायमूर्ती फझल अली यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग बसला. खलाशांच्या तक्रारी पोकळ नव्हत्या, हे त्या चौकशीतून पुढे आलं. पण वर्ष-दीड वर्षात देश स्वतंत्र झाला, दोन झाले, दोन नौदलं झाली, आणि या मुलांना परत घ्यायला दोन्हींकडे जागा नव्हती. पटेलांचं म्हणणं स्पष्ट होतं : उद्या स्वतंत्र देशालाही सैन्य लागेल, त्याची शिस्त आज मोडून चालणार नाही. श्रोतेहो, हे म्हणणं सहज झटकून टाकण्यासारखं नाही. सैनिकांनी राजकारण हाती घेतलेल्या देशांचं पुढे काय झालं, हे आपण शेजारीपाजारी पाहिलं आहे. शिवाय समोर तोफा होत्या आणि पोरं विशीतली होती.

पण त्याच वेळी एक दुसराही वाद झाला, आणि तो मला अधिक जवळचा वाटतो. गांधीजींनी या उठावावर टीका केली. हिंसेसाठी हिंदू-मुसलमान एकत्र येत असतील तर ती एकी पवित्र नव्हे, उद्या ते एकमेकांवरच हात उगारतील, असं त्यांना भय वाटत होतं. अरुणा असफ अली यांनी उत्तर दिलं की, घटनेच्या वाटाघाटींत एकी होत नसेल तर मी ती मोर्चेबंदीच्या आघाडीवर घडवीन. त्यावर गांधीजी म्हणाले, लढणाराही कायम मोर्चेबंदीवर राहत नाही, त्यानंतर घटनेच्या वाटेवर यावंच लागतं.

कोण बरोबर होतं? १६ ऑगस्टला कलकत्ता पेटलं. सप्टेंबरच्या सुरुवातीला मुंबईही पेटली. फेब्रुवारी ते सप्टेंबर, मध्ये जेमतेम सहा महिने. ज्या गल्ल्यांनी खलाशांसाठी दूध-पाव गोळा केला, त्याच गल्ल्यांत सुरे निघाले. बडे अब्बा सांगायचे, “रोज पाव घालत होतो त्या चाळीत जायला पाय उचलेना.” मग एका पहाटे ते आणि तो बारामतीकर मित्र, दोघांनी बिऱ्हाड आवरलं आणि गाडी धरली. भिगवणपर्यंत दोघं समोरासमोर बसून आले. पण सबंध प्रवासात त्यांनी एकमेकांना नावानं हाक मारली नाही. डब्यात कोण बसलं असेल, कोणतं नाव कुणाला खुपेल, सांगता येत नव्हतं.

गेटवेवर त्यांची नावं कुणी विचारली नव्हती, ती ओठावर आणायला कुणाची बंदीही नव्हती. सहा महिन्यांनी स्वतःचं नावच धोक्याचं झालं. उठावानंतरच्या राजकारणाची सगळी गुंतागुंत मला या एका प्रवासात दिसते. खलाशांना खाली उतरा म्हणणारे बरोबर असतीलही. पण ते खाली उतरले तेव्हा त्यांनी सोबत आणलेल्या एकीचं काय करायचं, याचा विचार कोणत्याच झेंड्याखाली झाला नाही. पुढाऱ्यांनी शस्त्रं मोजून ताब्यात घेतली. ती एकी मात्र धक्क्यावरच राहिली.

मग ती एकी खोटी होती का? मला तसं वाटत नाही. बडे अब्बा पुन्हा मुंबईला गेले नाहीत. इंदापुरातच त्यांनी छोटी भट्टी घातली. आषाढात तुकोबारायांची पालखी बारामती, सणसर, निमगाव केतकी करत इंदापुरात येते. तो बारामतीचा मित्र पुढे माळकरी झाला. दरवर्षी दिंडीतून तो इंदापूरपर्यंत चालत यायचा आणि आमच्या दारात थांबायचा. बडे अब्बा वारकऱ्यांना चहा आणि पाव वाटायचे, तोही मग तुळशीची माळ सावरत पाटीला हात लावायचा. मी लहानपणी दोघांचे पेले विसळले आहेत. ते एकमेकांना अगदी मोठ्यानं, गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात नावानं हाका मारायचे. म्हाताऱ्यांना ऐकू कमी येतं म्हणून ओरडतात, असं मला तेव्हा वाटायचं.

दोघंही आता नाहीत. मुंबईत कुलाब्याला नौदलाच्या उठावाचं स्मारक उभं आहे, तिथं मी एकदा जाऊन आलो. पाचच दिवस चाललेल्या उठावाची आठवण दगडात राहिली हे चांगलंच झालं. पण माणसाला जगायला खाली यावंच लागतं. आणि खालची एकी पाच दिवसांत होत नाही, तिला दरवर्षी पाणी घालावं लागतं. आमच्या दारातली पाटी अजून आहे. वेत उसवला होता, गेल्या वर्षी विणून घेतला. पालखी आली की ती भरून बाहेर ठेवतो.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)