टेन्शन गेलं, बीपी राहिलं

शब्दांशी माझं रोजचं देणंघेणं, म्हणून आज एका शब्दाची तक्रार मांडतो. डॉक्टर उच्च रक्तदाबाला ‘हायपरटेन्शन’ म्हणतात. त्यातलं टेन्शन मनाचं नव्हे, ते रक्तवाहिन्यांमधल्या दाबाचं. आपण मात्र ते घरच्या काळज्यांशी जोडून मोकळे होतो.

संबंध नाहीच असं नाही. भांडण झालं की अ‍ॅड्रेनलिन स्रवतं, छाती धडधडते, रक्तवाहिन्या आकसतात, दाब चढतो. प्रसंग सरला की बहुधा उतरतोही. कायम ठाण मांडून बसणाऱ्या दाबामागे मात्र वय, आनुवंशिकता, वजन आणि आपलं लाडकं लोणचं-पापडही असतं. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमहून कमी मीठ खायला सांगते, म्हणजे चहाचा जेमतेम एक चमचा. आपल्याकडे तेवढं एका जेवणात संपायचं!

आमच्या मोहल्ल्यातल्या एका चाचांनी लेकीचा निकाह पार पडताच ‘आता कसलं टेन्शन?’ म्हणत गोळी बंद केली. डोकं दुखत नव्हतं, चक्कर नव्हती. या दुखण्यात बहुतेकांना काही जाणवतच नाही. आठ महिन्यांनी त्यांची उजवी बाजू लुळी पडली. आता चाची रोज आठवणीनं गोळी देतात, डाव्या हातावर.