न्हाणीतली काच

आमच्या गोव्यातील जुन्या घरांत न्हाणी स्वयंपाकघराच्या मागल्या अंगाला असे. चुलीवर पाण्याचे तांब्याचे भाण चढलेले असे, आणि अंगावरून ओघळलेले पाणी उताराने परसातल्या माडाच्या मुळाशी जाई. ओले ते ओल्या जागी राही, कोरडे ते कोरड्या जागी. आता स्नान, शौच, हात धुणे, सारेच पाच बाय सात फुटांच्या एका खोलीत आले आणि ही जुनी सीमा पुसली गेली. ती पुन्हा आखण्याचा एक घरगुती उद्योग मी करून पाहिला. त्याची हकीकत आज आपणांस सांगावयाची आहे.

माझी शाळा पेडण्यास, घर डिचोली तालुक्यात. ऐन पावसाळ्यात एके सकाळी माझी वृद्ध आई न्हाणीतल्या ओल्या लादीवर घसरली आणि तिचे मनगट मोडले. शॉवरचे पाणी दारापर्यंत उडत असे, हे त्याचे कारण. मध्ये काचेचा एक उभा आडोसा घालावा, असे ठरले. मी पडलो गणिताचा शिक्षक. एका काचेसाठी कारागीर कशाला बोलवावा, असा अहंकार मला झाला.

फीत घेतली. उंची दोन मीटर, रुंदी पाऊण मीटर. दोन्ही मापे एकेकदाच घेतली आणि आठ मिलिमीटर जाडीची टफन्ड काच मागविली. अशा काचेचे वजन दर चौरस मीटरला सुमारे २० किलो भरते. म्हणजे माझी काच ३० किलोंची. आम्ही दोघांनी ती जपून उभी केली. खालचा कोपरा भिंतीला नीट टेकला, वर मात्र बोटभर फट! शेजारच्या गवंड्याने येऊन ओळंबा सोडला आणि शांतपणे म्हटले, "मास्तर, चिऱ्याची जुनी भिंत ही. डोळ्यांना सरळ दिसते, ओळंब्याला नाही."

तेव्हा काचेची कड थोडी घासून घ्यावी, असा विचार मनात आला. दुकानदाराने तो तिथेच थांबविला. ही काच सहाशे अंशांहून अधिक तापवून थंड हवेच्या झोतांनी झटकन निववितात. पृष्ठभाग आधी आवळतो, गाभा मागाहून. त्यामुळे बाहेरचा थर कायम दाबाखाली आणि गाभा ताणाखाली राहतो. हेच तिचे बळ. फुटलीच तरी तिच्या सुऱ्यांसारख्या लांब चिरफळ्या होत नाहीत, बारीक बोथट तुकडे होतात. परंतु भट्टीतून निघाल्यावर तिला कापता येत नाही, भोक पाडता येत नाही, कड घासावी तर सारी काच एका क्षणात ढासळू शकते. जे करावयाचे ते भट्टीपूर्वी. माझी पहिली काच आजही ओसरीत उभी आहे.

दुसऱ्या खेपेस मी गवंड्यालाच गुरू केले. भिंतीचे माप खाली, मध्ये आणि वर, असे तीनदा घेतले. जमिनीला मोरीकडे उतार असतोच. तो पाणसळीने पाहिला. काचेवर भारतीय मानक २५५३ ची कायमची खूण आहे ना, हेही तपासले. लादीला भोक पाडण्यापूर्वी आत नळ वा विजेची तार जात नाही, याची खात्री केली. खुणेवर चिकटपट्टी लावली, म्हणजे ड्रिलचे टोक घसरत नाही. आणि लादी पार होईपर्यंत ड्रिलचा ठोका बंद ठेवला. आतला चिरा भुसभुशीत लागला, म्हणून लांब गुट्ट्या ठोकल्या. काच नुसत्या लादीवर टेकवू नये, कोपऱ्यावर तर मुळीच नाही. खाली रबराचे ठोकळे हवेत. सिलिकॉन बाहेरच्या अंगाने भरले, म्हणजे पट्टीत शिरलेले पाणी आतच मोरीकडे परत जाते. मग पूर्ण एक दिवस नळ सोडला नाही. हे सारे दिवाळीनंतर केले. पावसाळ्यात चिऱ्याच्या भिंती पाझरतात, आणि ओल्या जागी सिलिकॉन धरत नाही.

काम उत्तम झाले. बाहेरची लादी कोरडी राहिली. आईला मोठ्या अभिमानाने दाखविले. ती हळूच आत गेली आणि वळताना तिने आधारासाठी सहज हात टेकला तो काचेवर. काच हलली नाही. माझे काळीज मात्र हलले. ज्या माणसासाठी हा खटाटोप, त्याला पाणी अडविणारी काच नव्हे, हाताला धरणारी मूठ आधी हवी होती, हे माझ्या गणितात आलेच नव्हते. आडोसा हा आधार नव्हे. दुसऱ्याच दिवशी गवंड्याने भिंतीत खोलवर पक्की केलेली पोलादी दांडी बसविली. ती किती उंचीवर असावी, हे या वेळी मी फितीला विचारले नाही. आईला उभे केले, तिचा हात जिथे आपसूक गेला तिथे पेन्सिलीने खूण केली.

श्रोतेहो, आपल्या घरी असे काम काढाल, तर भिंतीला ओळंबा लावाच. पण त्याआधी घरातल्या थकल्या माणसाला त्या खोलीत एकदा चालू द्या, आणि त्याचा हात कुठे जातो ते पाहा.